पोराला व्यसनमुक्तीसाठी भरती करायचं आहे? कागद कोणते, सही कोणाची

कापूस वेचणीच्या दिवसांत एक माय आमच्या सेवा केंद्रात आली. पिशवीतून तिनं पोराची टीसी काढली, जातीचा दाखला काढला, रेशनकार्ड, शेवटी सातबारासुद्धा. "भाऊ, भरतीले अजून काय लागते?" पोरगा एकोणीस वर्षांचा, गांजा, आणि वरून झोपेच्या गोळ्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं मात्र तिनं चुलीत टाकली होती, कोणाला दिसू नयेत म्हणून. डॉक्टरांना नेमकी तीच हवी असतात.

तर कागद थोडेच. पोराचं आणि सोबत येणाऱ्याचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधीचा केसपेपर असला तर तो, आणि तो घेतो त्या मालाची पाकिटं किंवा निदान नावं. खर्रा किती, दारू किती, कधीपासून, हेही एका चिठ्ठीवर लिहून न्या. घरातला माणूस ओपीडीत गेला की घाबरून अर्धं विसरतो.

जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात. यवतमाळ, चंद्रपूर, अकोला, गोंदिया, नागपूर इथं सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. निघण्याआधी १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला किंवा १४४१६ या टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, दोन्ही मोफत. "मनोविकार? पोरगं काय येडं हाय का?" असं बाप हमखास विचारतो. दारू-ड्रग्जमुळे बिघडलेली मनःस्थिती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आजारातच धरली आहे, म्हणून तो विभाग. याच कायद्याप्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हा उपचार मोफत मिळतो, हातात ते कार्ड नसलं तरी.

आता सही. पोरगा १८ पूर्ण असेल आणि स्वतः तयार असेल, तर अर्ज त्याचाच, सही त्याचीच. मग सुट्टी मागायचा हक्कही त्याचाच. तपासणीसाठी डॉक्टर त्याला फार तर २४ तास थांबवू शकतात. तो तयार नसेल तर बापाची नुसती सही पुरत नाही. घरचा माणूस त्याचा प्रतिनिधी म्हणून अर्ज करतो. मग एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा तज्ज्ञ त्याला वेगवेगळं तपासतात. स्वतःला इजा करू पाहणं, दुसऱ्यावर हात उचलणं किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असं काही दिसलं तरच भरती, तीही आधी ३० दिवसांपर्यंत. १८ च्या आतल्या मुलासाठी अर्ज पालकाचा, तपासणी दोघांची. त्याला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवत नाहीत आणि सोबत घरचं कोणीतरी सतत राहावं लागतं. मुलगी असेल तर सोबत बाईमाणूसच. वेचणीची मजुरी बुडणार, हे धरूनच निघा.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते पोलिसांच्या भीतीनं. 'भरती केलं तर केस होईल.' उलट आहे. एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ सांगतं, की जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो आणि पूर्ण करतो, त्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा खटला चालत नाही. गांजाचं अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. विकणाऱ्याला तिचा आधार नाही. आणि अल्पवयीन पोराच्या हातात दारू-गांजा देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे पानठेल्यावर ऐकवायला हरकत नाही.

खाजगी केंद्रात नेणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र आधी बघायला मागा. ओळखीतल्या एका घरानं अनामत भरली आणि महिनाभर पोराला भेटूच दिलं नाही. बाहेर आला तेव्हा पायाला साखळीचे वळ. साखळीनं बांधायला कायद्यात पूर्ण बंदी आहे, कोणत्याही कारणानं.

एक मात्र करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. असं काही दिसलं तर कागद शोधत बसू नका, १०८ बोलवा.

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड मागून घ्या, तो हक्क आहे. पुढच्या तारखेला ते नेलं की नव्या डॉक्टरला पहिल्यापासून कहाणी सांगावी लागत नाही. त्या मायनं ते आता सातबाऱ्याच्याच प्लास्टिकमध्ये ठेवलं आहे.