पार्श्वभूमी : क्रॉसओव्हर फॅन आर्ट आणि पिक्सेलच्या मापाचा वाद

वेगवेगळ्या गेममधली पात्रं एका चौकटीत आणायची हौस चाहत्यांनी गेम बनवणाऱ्यांकडूनच उचलली. १९९४ला 'द किंग ऑफ फायटर्स ९४'मध्ये एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मालिकांमधले लढवय्ये समोरासमोर आले. १९९६ला 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' आला, १९९९ला 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. त्याच वर्षी मुगेन हे फुकट इंजिन निघालं आणि कुणाशीही कुणाचीही लढत लावणं घरबसल्या शक्य झालं. कोकणात यातलं थोडंच थेट पोचलं. गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमान्यांच्या पोरांबरोबर कॅसेटचा टीव्ही गेम यायचा आणि त्यांच्याबरोबरच परत जायचा. चित्रांचा खरा सिलसिला सुरू झाला तो कुडाळ, चिपळूण, रत्नागिरीकडच्या सायबर कॅफेंतून. तिथून स्प्राइट शीट, म्हणजे गेममधल्या पात्राच्या सगळ्या पोझ (स्प्राइट) एकत्र मांडलेली चित्रं, पेन ड्राइव्हवर घरी येत आणि फोटोशॉप सातवर कापल्या जात.

त्या काळची कापाकापी आजही उपयोगी आहे. शीटची पार्श्वभूमी बहुधा झगझगीत गुलाबी किंवा हिरवी असते. फोटोशॉपमधलं मॅजिक वाँड एका क्लिकवर एका रंगाचा भाग निवडतं. त्याचा टॉलरन्स (जवळच्या किती छटा पकडायच्या ते) ० ठेवायचा, अँटी-अलियास (कडा मऊ करणं) बंद करायचा आणि कंटिग्युअसही (फक्त सलग भाग निवडणं) बंद करायचा. नाहीतर काखेतला, दोन पायांमधला गुलाबी तसाच राहतो. अँटी-अलियास चालू राहिला, तर कडेला अर्धवट गुलाबी पिक्सेलांची झालर उरते. गडद पार्श्वभूमीवर ती लगेच उठून दिसते आणि मग एकेक पिक्सेल खोडत बसावं लागतं. शीट जेपीजीत सेव्ह झालेली असेल, तर ती वापरूच नये. तिच्यात गुलाबीच्या वीसेक छटा झालेल्या असतात आणि टॉलरन्स कितीही वाढवला तरी त्या साफ निघत नाहीत.

ही चित्रं बनवणाऱ्यांमधला सगळ्यात जुना वाद मापाचा आहे. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला मोठा मारिओ १६ पिक्सेल रुंद आणि ३२ पिक्सेल उंच. नव्वदच्या दशकातल्या आर्केडचा (नाणं टाकून खेळायच्या मशीनचा) लढवय्या उभा असताना शंभराच्या आसपास भरतो. दोघं शेजारी ठेवले की मारिओ त्याच्या गुडघ्याशी येतो. त्याला वाढवायचं की तसाच ठेवायचा?

वाढवणारे सरळ ट्रान्सफॉर्म लावून १०० पिक्सेलपर्यंत ताणतात. म्हणजे ३.१२५ पट. नीअरेस्ट नेबर (रंग न मिसळता पिक्सेल नुसते मोठे करणारी पद्धत) वापरलं, तरी १६ रकान्यांपैकी १४ तीन पिक्सेल रुंद होतात आणि २ चार पिक्सेल. नेमका डोळा किंवा मिशी त्या रुंद रकान्यात आली की चेहरा वाकडा दिसतो. बायक्यूबिक (शेजारचे रंग मिसळणारी पद्धत) ठेवलं तर सगळंच धुरकट. नेमकं ३ पट केलं, म्हणजे ९६ पिक्सेल, तर चौकोन एकसारखे येतात. पण मारिओचा एक ठिपका आता शेजारच्याच्या नऊ ठिपक्यांएवढा असतो. अशा मिसळीला पिक्सेल आर्टवाले मिक्सेल म्हणतात आणि स्पर्धांमध्ये त्यावरून भांडणं होतात.

दुसरा पक्ष म्हणतो, एका चित्रात पिक्सेल एकाच मापाचा हवा. उंची जुळत नसेल तर लहान पात्राला भिंतीवर बसवा, मोठ्याला मागे न्या, नाहीतर लहान पात्र नव्याने काढा. ही बाजू जास्त कष्टाची आहे आणि जास्त बरोबरही. २०००च्या 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके'त पाहुण्या एसएनके कंपनीचे लढवय्ये यजमान कॅपकॉमच्या शैलीत नव्याने काढले होते, पण मॉरिगन या पात्राचा १९९४चा जुना स्प्राइटच परत वापरला. नव्याने काढलेल्या मंडळींत ती वेगळीच उठून दिसते आणि चाहते अजून त्याबद्दल बोलतात.

त्यात आणखी एक गुंता आहे. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच आर्केड लढतींचं चित्र ३८४×२२४ असे, पण ते ४:३ काचेवर दाबून बसवलेलं. म्हणजे तिथला पिक्सेल चौकोनी नव्हता, अरुंद होता. संगणकावर तीच पात्रं जाडजूड दिसतात. रुंदी ७ पट आणि उंची ९ पट केली तर २६८८×२०१६ येतं, नेमकं ४:३. उलट २५६×२२४च्या घरगुती कन्सोलचा पिक्सेल किंचित रुंद. दोन्हीकडची पात्रं एका चित्रात आणताना दोघांनाही मूळ रूप देता येत नाही. व्यवहारात चौकोनी पिक्सेलच धरावा आणि आर्केडचं पात्र हाताने दोनचार रकाने बारीक करावं. रकाने धडाच्या मधून काढावेत, चेहऱ्याला हात लावू नये.

कोकणातल्या चित्रांची ओळख बनली ती पार्श्वभूमीमुळे. पात्रांच्या मागे सिंधुदुर्ग किल्ला, मालवणची जेटी, पोफळीची बाग. असा फोटो ३२०×२५६ करून इंडेक्स्ड मोडमध्ये (ठरावीक रंगांच्या यादीत, म्हणजे पॅलेटमध्ये) ३२ रंगांवर आणला, की जांभ्या दगडाचा तांबडा नाहीसा होतो. रंग वाटताना सॉफ्टवेअर जास्त जागा व्यापणाऱ्या छटांना झुकतं माप देतं, आणि पावसाळ्यातल्या आपल्या फोटोत हिरव्याशिवाय फारसं काही नसतं. म्हणून जांभ्याच्या तीन-चार छटा आधीच पॅलेटमध्ये पक्क्या कराव्यात. डिदर (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवणं) बंद ठेवावा, नाहीतर आकाशात ठिपक्यांची जाळी येते आणि पात्रांच्या सपाट रंगांशी तिचं जमत नाही.

३२०×२५६ हे माप फ्लेक्सवाल्यांकडे गेल्यावर सोयीचं ठरतं. १० बाय ८ फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल) ८६४०×६९१२ पिक्सेल होतो, म्हणजे बरोबर २७ पट. एकेक ठिपका पाऊण सेंटिमीटरहून मोठा. हे वाढवणं आपणच नीअरेस्ट नेबरने करून फाइल द्यावी. दुकानात छोटी फाइल कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ओढून ताणली, की ठिपक्यांच्या कडा विरघळण्याची भीती असते. छपाईच्या सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शाईंत) गडद निळा जांभळट येतो. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवला तर तो सावरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

२०१६ला जिओ आलं आणि हे काम मोबाइलवर गेलं. आता पिक्सआर्ट आणि पिक्सेललॅब ही अ‍ॅप, आणि आयत्या पीएलपी (पिक्सेललॅबच्या) फाइलींची देवाणघेवाण. २०१८नंतर पब्जीची पात्रं सगळीकडे आली. सप्टेंबर २०२०ला तो गेम भारतात बंद झाला, जुलै २०२१ला त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, जुलै २०२२ला तीही उतरवली गेली आणि मे २०२३ला परतली. गेम बंद असतानाही चित्रं बनत राहिली. थ्री-डी रेंडरांमुळे (संगणकाने त्रिमितीत काढलेल्या पात्रांच्या चित्रांमुळे) पिक्सेलच्या मापाचा प्रश्न उरला नाही, त्याजागी उजेडाचा आला. एकाच्या डाव्या गालावर ऊन, दुसऱ्याच्या उजव्या. पात्र आडवं फ्लिप करून ऊन जुळतं, पण छातीवरची अक्षरं उलटी होतात. ती वेगळी कापून पुन्हा बसवावी लागतात. कॅमेऱ्याची उंचीही बघावी. खालून टिपलेला आणि वरून टिपलेला असे दोघं एका जेटीवर उभे केले, तर एकाचे पाय फळीत रुतल्यासारखे दिसतात.

विक्रीबाबत एवढंच, की १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फॅन आर्टला वेगळी सूट नाही. टी-शर्ट छापून विकणं ही घरच्या भिंतीवर लावण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे.

२०२२पासून शब्द देऊन चित्र काढणारी साधनं आली आणि मापाचा जुना वाद पुन्हा उघडला. त्यांनी काढलेलं पिक्सेल आर्ट लांबून ठीक दिसतं. ८०० टक्के झूम केलं की कळतं, चौकोन एका मापाचे नाहीत, काही ५ पिक्सेलांचे तर काही ७चे, आणि कडांना धूर आहे. ते वापरायचंच असेल, तर सरासरी चौकोनाचं माप काढून तेवढ्या पटीने चित्र नीअरेस्ट नेबरने लहान करावं, रंग १६वर आणावेत आणि डोळे, बोटं, बाह्यरेषा पेन्सिल टूलने हाताने परत काढाव्यात.