रविवारी बर्फात जायचंय? कामासाठी हिमाचलातल्या किन्नौरला जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हिवाळ्यात सतलजचं पाणी उतरतं. झाकडी, करछम आणि सांगला खोऱ्यातल्या जलविद्युत केंद्रांत यंत्रं उघडून दुरुस्त करायचे दिवस म्हणूनच हेच असतात. पावसाळ्यातल्या गाळाने झिजलेले टर्बाइनचे रनर, म्हणजे पाण्याने फिरणारी पात्यांची चाकं, याच काळात बाहेर निघतात. आमच्याकडून भाड्याने गाडी घेणारे पुण्या-मुंबईचे अभियंते आणि फिटर मंडळी त्यामुळे नेमकी बर्फाच्या मोसमात तिथे पोचतात. आठवडाभर काम जमिनीखालच्या पॉवरहाउसमध्ये, ऊन दिसायची मारामार. मग शनिवारी रात्री फोन येतो, ‘उद्या सुट्टी आहे, गाडी फोर बाय फोर आहे. वर जाऊन येऊ का?’

जरूर जा. फक्त सोमवारी सकाळच्या पाळीला हजर राहायचं आहे, हे आधी धरून चाला. सहलीला आलेला माणूस वर अडकला तर एक दिवस जास्त राहतो. तुम्ही अडकलात तर इकडे उघडलेलं मशीन तुमची वाट बघत बसतं. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

गाडी काय करते, काय नाही

फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे गाडी चढते आणि रुतली तर निघते. थांबण्याच्या बाबतीत तिला काही जादा मिळालेलं नाही. ब्रेक ऑल्टोलाही चार चाकांवर आणि थारलाही चारच चाकांवर. शिवाय थार जड, म्हणजे उतारावर घसरायला लागली की आवरायला कठीण. बर्फावर पकड असते ती टायरची. आम्ही हिवाळ्यात टायरची नक्षी बघूनच गाडी देतो, पण निघण्याआधी तुम्हीही एकदा वाकून बघा. आम्हाला राग येत नाही.

आमच्या बहुतेक गाड्यांत दुसरा छोटा गिअरदांडा आहे: टू हाय (ताकद दोनच चाकांना), फोर हाय (चारही चाकांना), फोर लो (चारही चाकांना, पण संथ आणि जास्त जोराची). फोर हायमध्ये पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. बर्फावर चाक थोडं सरकून हा फरक मुरवतं, कोरड्या डांबरावर तो ताण थेट गिअरबॉक्सवर येतो आणि स्टिअरिंग जड होतं. किन्नौरचा रस्ता हिवाळ्यात तुकड्यातुकड्यांचा असतो. उन्हातलं वळण कोरडं, पुढचंच सावलीतलं वळण गोठलेलं. म्हणून चालक तो दांडा वारंवार पुढेमागे करताना दिसेल. गाडी बिघडलेली नसते.

उतारावर फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि क्लचवरून पाय बाजूला. न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. काचेसारखा गोठलेला पट्टा असेल तर पहिला लो गिअरसुद्धा चाकं अडवून गाडी घसरवतो, तिथे दुसरा बरा.

बर्फापेक्षा पाला वाईट

ताज्या, भुसभुशीत बर्फात गाडी बऱ्यापैकी चालते. घात करतो तो पाला, म्हणजे डांबरावर गोठलेला पाण्याचा पातळ थर. तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. दुपारी कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं आणि सूर्य डोंगराआड गेला की गोठतं. पुलांवर आधी, कारण त्यांना खालूनही थंडी लागते. त्यामुळे आमची गाडी सकाळी ऊन रस्त्यावर आल्याशिवाय वर निघत नाही आणि संध्याकाळी चारनंतर वर थांबत नाही. मधल्या वेळात काय बघायचं ते बघा. आणखी एक: भर दुपारी कड्याच्या फटींतला बर्फ सुटतो आणि त्याबरोबर दगडही. कड्याखाली फोटोला उतरू नका, आणि रस्त्यावर ताजे खडे पडलेले दिसले तर तिथे रेंगाळू नका.

कुठे जावं

पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्याला आम्ही सराहन सुचवतो. राष्ट्रीय महामार्ग ५ वर ज्युरीला फाटा फुटतो, तिथून साधारण १७ किलोमीटर चढ. गाव दोन हजार मीटरच्या थोडं वर आहे. भीमाकाली मंदिराच्या लाकूड-दगडाच्या थरांच्या भिंती आणि समोर श्रीखंड महादेवाची रांग. जानेवारी-फेब्रुवारीत इथे बर्फ मिळतो आणि नाही मिळाला तरी दिवस वाया जात नाही. रामपूर किंवा झाकडीला राहणाऱ्यांना हेच सगळ्यांत सोयीचं.

रेकाँग पिओला मुक्काम असेल तर कल्पा. गाव २९६० मीटरवर, समोर किन्नर कैलास. कल्प्याहून रोघीकडे जाणारा रस्ता कड्यात कोरलेला आहे, एका बाजूला सरळ दरी. उघडा असेल तर सुंदर. पाला असेल तर चालक गाडी कल्प्यातच लावेल. तिथून रोघीच्या दिशेने पायी जा. खरं सांगायचं तर आम्हाला पायीच जास्त आवडतं.

करछमहून सांगला आणि पुढे रकछम, छितकुल हा सगळ्यांच्या मनातला रस्ता. छितकुल ३४५० मीटरवर, हिवाळ्यात अर्धंअधिक गाव खाली उतरून गेलेलं असतं. चहाची टपरीही उघडी असेल असं धरू नका. सांगल्यापर्यंत आम्ही बहुधा नेतो. पुढे किती जायचं हे त्या दिवशी सकाळी, वरून आलेल्या गाडीवाल्याला विचारून ठरतं. हिमस्खलनाचा इशारा असेल तर रकछमच्याही अलीकडे थांबायचं.

नारकंड्यावरून हाटू शिखराचा अरुंद रस्ता बर्फात आम्ही घेत नाही. वर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोणालाच मागे घेता येत नाही. स्पितीतलं काझाही एका सुट्टीचं काम नाही: पिओहून ते सुमारे २०० किलोमीटर, आणि उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. पुण्याहून आलेल्या शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, तरी ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून आणखी वर चढणं, हे आम्ही होऊ देत नाही.

काही ग्राहकांचं काम मनालीकडे असतं. अटल बोगद्यामुळे लाहौल हिवाळ्यातही जवळ आलं आहे, बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० पासून खुला. पण डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात बर्फामुळे शेकडो गाड्या अडकल्या होत्या. तुमची गाडी कितीही दणकट असो, पुढच्या चाळीस गाड्या आडव्या झाल्या की तीही त्याच रांगेत. सुट्टीच्या दिवशी, बर्फाचा अंदाज असताना तिकडे जाऊ नका. आणि नदीत गाडी घालायची कल्पना सुचली तर चंद्रा नदीत थार घालणाऱ्याचा २०२३ च्या नाताळातला व्हिडिओ आठवा. पोलिसांनी दंड केला होता.

गाडीत काय आहे, अडकलात तर काय करायचं

प्रत्येक गाडीत बर्फासाठी चाकांवर बसवायच्या चेन, फावडं, ओढायची दोरी, दोन कांबळी आणि बॅटरी जोडायच्या वायरी आहेत. चेन चढावाच्या आधी सपाटीवर बसवायची, थोडं चालवून पुन्हा ताणायची आणि कोरडा रस्ता लागला की काढायची, नाहीतर ती तुटून चाकाच्या कमानीवर आपटते.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर सोडा. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, तो पुन्हा गोठतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. चाकापुढचा बर्फ उपसा, खाली पायपुसणी किंवा खडी टाका, फोर लोमध्ये दुसऱ्या गिअरवर हळू उचला. दोरी बंपरला नाही, हुकालाच बांधायची.

फारच अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका. इंजिन चालू ठेवून बसायचं असेल तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा आणि काच बोटभर उघडी ठेवा, एरवी धूर आत येतो आणि त्याचा वास येईलच असं नाही. मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. वर अनेक वळणांवर फोन लागत नाही, म्हणून निघताना कुठे जाताय आणि कधी परतणार हे गेस्टहाउसवर सांगून जा.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वायपर उचलून ठेवा. डिझेल गोठू नये म्हणून त्यात रॉकेल मिसळायचा सल्ला तुम्हाला तिथे हमखास मिळेल. आमच्या गाडीत मिसळू नका. आजच्या इंजिनांचे इंजेक्टर त्याने खराब होतात.

कागद आणि पैसे

गाडी पिवळ्या पाटीची, चालक तिथलाच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. तुमच्या कंपनीचा विमा बहुधा कामाच्या प्रवासापुरता असतो, तेव्हा रविवारच्या फेरीसाठी साइट मॅनेजरची लेखी परवानगी घ्या. तिचं बिल आम्ही वेगळं, तुमच्या नावाने करतो. कंपनीच्या बिलात घुसवायला सांगू नका.

चालक म्हणाला ‘इथून मागे’, तर मागे. त्या दिवशीचं पूर्ण भाडं त्याला मिळतंच, त्यामुळे त्याला लवकर परतायची घाई किंवा पुढे जायची हाव यातलं काही नसतं. त्याला जेवू घाला आणि रात्री पुरेशी झोप मिळू द्या.

रविवारसाठी गाडी हवी असेल तर गुरुवारपर्यंत कळवा. किती माणसं, मुक्काम कुठे, कोणाला दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे का, आणि सोमवारची पाळी किती वाजता, एवढं सांगा. शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघून आम्ही हो किंवा नाही कळवतो. नाही म्हणालो तर आगाऊ रक्कम परत.