सरोवर २२६ आणि फॉस्फरसचा वाद

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवराची चर्चा निघाली की ज्या परिसंस्थाशास्त्रज्ञाच्या कामाचा दाखला हमखास दिला जातो, त्या डेव्हिड शिंडलरची कारकीर्दच मुळी एका वादातून घडली. १९६० च्या दशकात शेवाळाने माजून ईरी ‘मेले’ अशी हाकाटी सुरू झाली, तेव्हा दोष सांडपाण्याचा आहे यावर फारसे दुमत नव्हते. त्यातल्या कोणत्या घटकाचा, हा प्रश्न होता. धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचे संयुग, भरपूर असे, त्यामुळे शेवाळाची वाढ कार्बनवर ठरते हे मत साबण उद्योगाच्या पथ्यावर पडणारे होते. बाटल्यांतले प्रयोगही त्याला दुजोरा देत. मात्र बंद बाटलीत बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरत नाही, ही त्यातली गोम.

१९६८ मध्ये कॅनडाच्या वायव्य ऑन्टारिओतली काही लहान सरोवरे केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आली; तिथल्या प्रयोगांचे नेतृत्व शिंडलरकडे होते. त्यांपैकी सरोवर २२७ मध्ये पुढच्या वर्षापासून नायट्रोजन व फॉस्फरस घालण्यात आले आणि पाण्यात कार्बन अत्यल्प असूनही ते हिरवे झाले, कारण उणीव हवेने भरून काढली. १९७३ मध्ये मधोमध चिंचोळे असलेले सरोवर २२६ पडद्याने दुभागण्यात आले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही भागांत घातले, फॉस्फरस मात्र एकाच. आणि त्याच भागावर नीलहरित जीवाणूंचा, म्हणजे रूढ भाषेत शेवाळाचा, थर पसरला. विमानातून टिपलेल्या त्या छायाचित्राने धोरणकर्त्यांना जे पटवले, ते आलेखांना क्वचितच पटवता आले असते. आम्लवर्षेवरचे शिंडलरचे पुढचे कामही तितकेच मोलाचे आहे.

खरा पेच नायट्रोजनचा. १९९० पासून सरोवर २२७ मध्ये तो घालणे थांबवले, तरी हवेतला नायट्रोजन बांधून घेणाऱ्या नीलहरित जीवाणूंमुळे थर येतच राहिले. त्यावरून, नायट्रोजन काढण्यावर खर्च करणे व्यर्थ, असा निष्कर्ष शिंडलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडला. ईरीत थर धरणारा मायक्रोसिस्टिस हा नीलहरित जीवाणू नायट्रोजन बांधू शकत नाही आणि त्याच्या विषात नायट्रोजन असतो, हा विरोधकांचा आक्षेप बिनतोड आहे; पण सदतीस वर्षांच्या नोंदींसमोर ठेवण्याजोगा तितका दीर्घ, संपूर्ण सरोवरावरचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.

२०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने सरोवरांच्या या प्रयोगक्षेत्राचा निधी थांबवण्याचा निर्णय घेतला, तो विज्ञानाच्या कसोटीवर समर्थनीय नव्हता. २०१४ मध्ये ते एका ना-नफा संस्थेकडे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईरीकाठच्या टोलेडो या अमेरिकी शहरात अशाच विषामुळे नळाचे पाणी पिऊ नये असा आदेश निघाला. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी सरोवरात येणारा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. त्या उद्दिष्टात नायट्रोजनचा आकडा नाही.