कोकेन, गर्भ आणि डोळे: एक खुलासा

आईने गरोदरपणी कोकेन घेतलं की बाळ जन्माचं अधू, हा समज अमेरिकेत १९८५ पासून फोफावला. मूळ अभ्यास होता जेमतेम २३ बायकांचा! २००१ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ डेबोरा फ्रँक यांनी पुढचे अभ्यास ताडून पाहिले. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत निव्वळ कोकेनचा असा सरसकट परिणाम दिसला नाही.

कोकेन निरुपद्रवी मुळीच नाही. रक्तवाहिन्या आकसतात, वार (गर्भाला पोसणारा अवयव) अवेळी सुटू शकते, बाळ अपुऱ्या दिवसांचं येऊ शकतं. अशा बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचलेल्याच नसतात; पुढे त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढू शकतात. म्हणून तिसाव्या दिवसाच्या आत तपासणी हवीच. बाळाची दृष्टीची नस बारीक राहण्याचा दोषही कोकेनला दिला जातो; त्याबाबत मात्र पुरावा दारूविरुद्ध कितीतरी भक्कम आहे, आणि दारूबद्दल कुणी एवढा गहजब केला नाही.