फोनच्या पाठीवरचा टेकू

फोन हातात न धरता वापरता यावा, म्हणून पाठीला स्टँड असलेले कव्हर शोधणाऱ्या माणसापुढे मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये काय किंवा ऑनलाइन दुकानांत काय, अगदी वेगवेगळ्या जातींची कव्हरे येतात. कुणाला धातूची उघडमीट करणारी पट्टी असते, कुणाला बोट अडकवायची रिंग असते, कुणी डायरीसारखे दुमडते, कुणाची कॅमेऱ्याभोवतीची चौकटच बाहेर उघडते, तर कुणाची कडी चुंबकाने फोनला धरून राहते. दुकानदार या सगळ्यांना ‘स्टँडवाले कव्हर’ असे एकच नाव देतो. प्रत्यक्षात यांतला प्रत्येक प्रकार निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या गरजेतून घडला आहे, आणि ती मूळ गरज लक्षात घेतली नाही तर चांगल्या पैशांना घेतलेले कव्हरही आपल्या कामाला पुरे पडत नाही. म्हणून निवडीपूर्वी या टेकूचा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे.

सुरुवातीचे फोन स्वतःच्या बळावर उभे राहत असत. टेबलावरच्या फोनला स्वतःची बैठक होती. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडलेला ‘पिक्चरफोन’, म्हणजे चित्रासह बोलायचे यंत्र, हेही टेबलावर ठेवायचेच होते, त्यामुळे बोलणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहत. मोटोरोलाचे अभियंते मार्टिन कूपर यांनी 3 एप्रिल 1973 रोजी हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, 1983 मध्ये, मोटोरोलाचा डायनाटॅक विक्रीस आला. तो विटेएवढा जाड असल्याने बुडावर सरळ उभा राहत असे. पुढच्या काळातले घडीचे फोन अर्धवट उघडून टेबलावर ठेवता येत. फोनची ही उभे राहण्याची क्षमता खऱ्या अर्थाने गेली ती 2007 नंतर, जेव्हा आयफोनच्या मागोमाग सगळेच फोन काचेच्या सपाट पाटीसारखे झाले. गंमत अशी, की चित्रपट पाहण्याजोगा मोठा पडदा ज्या आकाराने दिला, त्याच आकाराने तो पडदा डोळ्यांसमोर उभा ठेवण्याची सोय काढून घेतली.

ही उणीव आधी फोन बनवणाऱ्यांनीच भरून काढण्याचा प्रयत्न केला. नोकियाच्या 2008 मधल्या एन96 या फोनला मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक छोटी चौकट होती. ती नखाने उचलली की फोन टेबलावर आडवा टेकून राहत असे, आणि 2009 च्या एन86 मध्येही हीच सोय होती. जून 2010 मध्ये अमेरिकेत स्प्रिंट कंपनीच्या जाळ्यावर आलेल्या एचटीसी ईव्हो 4जी या फोनला 4.3 इंचांचा, त्या काळी मोठा समजला जाणारा पडदा, पुढचा कॅमेरा आणि पाठीत बसवलेली टेकूची पट्टी अशा तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या होत्या. या सर्वांचा स्टँड फोन फक्त आडवा ठेवत असे आणि त्याचा कोन ठरलेला असे, कारण तो व्हिडिओ बघण्यासाठी केलेला होता. आजही स्वस्त कव्हरांवरची पट्टी एकाच कोनात आणि आडवीच उघडते, तिचे मूळ इथे आहे.

यानंतर टेकू फोनच्या अंगावरून कव्हरावर सरकला. फोन अधिकाधिक पातळ करण्याची चढाओढ लागली, पाठी कायमच्या बंद होऊ लागल्या, पाण्यापासून बचावासाठी प्रत्येक फट बुजवली जाऊ लागली, आणि अशा पाठीत हलणारा धातूचा भाग ठेवणे कंपन्यांना परवडेनासे झाले. त्याच सुमारास कव्हर ही हौसेची वस्तू न राहता गरजेची झाली. 2010 च्या उन्हाळ्यात आयफोन 4 विशिष्ट पद्धतीने हातात धरला की सिग्नल कमी होतो, अशी तक्रार गाजली आणि ॲपलने ग्राहकांना फोनच्या कडेभोवती बसणारे बंपर फुकट देऊ केले. कोलोरॅडोतील ऑटरबॉक्स ही 1998 पासून पाण्यापासून बचाव करणाऱ्या पेट्या बनवणारी कंपनी तोवर फोनच्या दणकट कव्हरांकडे वळली होती आणि तिच्या काही कव्हरांसोबतची कमरेच्या पट्ट्याला अडकवायची क्लिप फिरवून टेकूसारखी वापरता येत असे. मार्च 2011 मध्ये आयपॅड 2 बरोबर आलेल्या ‘स्मार्ट कव्हर’ने दुमडून त्रिकोणी आधार करण्याची पद्धत घरोघरी पोहोचवली. आपल्याकडे ज्याला फ्लिप कव्हर किंवा डायरी कव्हर म्हणतात, त्याची घडी याच विचाराची आहे.

स्टँडच्या कव्हराचा कस मात्र लागतो तो बिजागरीवर. मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये आणलेल्या पहिल्या सरफेस टॅबलेटचा टेकू एकाच कोनात थांबत असे. दुसऱ्या पिढीत दोन कोन मिळाले आणि 2014 च्या सरफेस प्रो 3 मध्ये 150 अंशांपर्यंत कुठेही थांबणारी, घर्षणावर चालणारी बिजागरी आली. एकाच कंपनीला एका कोनावरून हव्या त्या कोनापर्यंत यायला दोन वर्षे लागली, यावरून हे काम किती नाजूक आहे याची कल्पना येते. फोनच्या कव्हरात तीच करामत मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीत करावी लागते. शिवाय कव्हराचे साहित्यही आड येते. टीपीयू हे रबरासारखे लवचीक प्लास्टिक धक्का चांगला शोषते, पण बिजागरीची पिन त्यात घट्ट बसत नाही, ती ओढून ओढून सैल होते. बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी 1953 मध्ये विकसित केलेले पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक कडक असल्याने पिनेला धरून ठेवते, पण आपटल्यावर धक्का पुढे फोनपर्यंत पोहोचू देते. म्हणून आतून टीपीयू आणि पाठीवर पॉलिकार्बोनेट अशा दोन थरांची कव्हरे स्टँडसाठी अधिक टिकाऊ ठरतात. दुकानात पट्टी दोन-चार वेळा उघडमीट करून पाहण्याऐवजी ती अर्धवट उघडून, फोनचे पूर्ण वजन टाकून मिनिटभर तशीच ठेवून पाहावी, कारण घर्षणाची बिजागरी सैल असेल तर ती तेवढ्या वेळात खाली बसू लागते.

रिंग आणि गोल बटणासारखी पकड यांचा वंश वेगळा आहे. कोलोरॅडो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेव्हिड बार्नेट यांनी 2010 मध्ये इअरफोनची गुंतणारी वायर गुंडाळण्यासाठी फोनच्या पाठीवर कपड्यांची दोन मोठी बटणे चिकटवली. त्या खटपटीतून पॉपसॉकेट्स हे उत्पादन जन्मले आणि त्यासाठी 2012 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून पैसे उभे केले गेले. बोटात अडकवायच्या रिंगाही याच दशकात कोरियातून सर्वत्र पसरल्या. या दोन्हींचे पहिले काम फोन हातातून निसटू न देणे हे आहे, टेकू हा त्यांचा जोडधंदा आहे. ज्याला लोकलच्या गर्दीत एका हाताने फोन धरायचा आहे, त्याच्यासाठी रिंगेइतके चांगले काही नाही. पण ज्याला फोन खाली ठेवून तासभर काम करायचे आहे, त्याने रिंगेवर फार विसंबू नये.

भारतात या वस्तूची गरज मोठ्या प्रमाणावर भासू लागली ती 2016 नंतर. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट डेटाचे दर कोसळले, आणि नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांशी समोरासमोर बोलण्यासाठी आजी-आजोबा फोन हातात धरून बसू लागले आणि थोड्याच वेळात हात थरथरून पडद्यावर नुसते छत दिसू लागले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, जूनमध्ये शाळांचे दरवाजे उघडले नाहीत आणि मुलांचे वर्ग फोनवर भरू लागले. वहीवर लिहायला उजवा हात हवा, वही धरायला डावा, मग फोन कुणी धरायचा? तेव्हा घरोघरी फोन तांब्याला, स्टीलच्या डब्याला, पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवले गेले. पोथी वाचताना ती हातात धरावी लागू नये म्हणून घडीचा लाकडी स्टँड वापरणाऱ्या घरांना ही गरज मुळीच नवी नव्हती. वाचणाऱ्याचे हात मोकळे हवेत आणि पान डोळ्यांसमोर तिरके हवे, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून जाणलेले आहे.

याच काळात पडद्याची दिशाही बदलली. चित्रपट आडवा असतो, पण व्हिडिओ कॉल माणूस उभ्या फोनवर करतो, आणि टिकटॉक, त्यावर जून 2020 च्या अखेरीस बंदी आल्यावर जुलैत भारतात सुरू झालेले इन्स्टाग्राम रील्स, हे सगळे उभेच आहे. आडव्या फोनसाठी घडलेल्या टेकूला एकाएकी उभा फोन पेलावा लागला, आणि हे काम बरेच अवघड आहे.

त्याचे कारण साध्या हिशेबाने कळते. कव्हरासह 200 ग्रॅम वजनाचा, 16 सेंटिमीटर उंचीचा फोन 20 अंश मागे कलवून उभा ठेवला, आणि टेकूचे टोक त्याच्या खालच्या कडेपासून 6 सेंटिमीटर मागे टेकले, तर वरच्या कडेजवळ सुमारे 45 ग्रॅम वजनाइतका दाब पडताच फोन मागे कोसळू लागतो. तोच फोन आडवा ठेवून टेकूचे टोक 5 सेंटिमीटरवर टेकले, तर साधारण 100 ग्रॅमचा दाब लागतो. म्हणजे उभा फोन निम्म्याहून कमी दाबाने पडतो, आणि पडद्याच्या वरच्या भागातली सूचना बोटाने बाजूला सारताना एवढा दाब सहज येतो. तेव्हा उभ्या वापरासाठी कव्हर घेताना पट्टी किती रुंद आहे आणि तिचे टोक किती मागे पोहोचते, हे रंग आणि नक्षीच्या आधी पाहिले पाहिजे.

कोनाचेही असेच आहे. टेबलाशी बसून व्हिडिओ कॉल करताना फोन 20 अंशांच्या आसपास कललेला असेल तर हातभर अंतरावरचा चेहरा कॅमेऱ्यात नीट येतो. स्वयंपाकघरात मात्र माणूस उभा असतो आणि फोन ओट्यावर असतो. डोळे ओट्यापासून सुमारे 60 सेंटिमीटर वर आणि अंतर अर्धा मीटर धरले, तर पडदा सरळ दिसण्यासाठी तो 45 ते 50 अंश मागे कलायला हवा. एकाच कोनात थांबणारे कव्हर या दोन्ही जागी चालणार नाही. पाककृती बघत कणीक मळणाऱ्या बाईला फोनला हात लावता येत नाही, आणि तिच्यासाठी हवा तसा कोन देणारी बिजागरी ही चैन मानणे मला पटत नाही.

अलीकडचा मोठा बदल चुंबकाचा आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये आयफोन 12 च्या पाठीत चुंबकांचे वर्तुळ आले आणि त्यावर आधारलेला ‘ची 2’ हा बिनतारी चार्जिंगचा सामायिक मानक 2023 मध्ये जाहीर झाला. त्यामुळे स्टँड कव्हरातच हवा असे राहिले नाही, तो हवा तेव्हा लावता आणि काढता येतो. काही कव्हरांत तर चुंबकाची कडीच बाहेर उघडून टेकू होते. जुन्या पद्धतीच्या कव्हरांत मधोमध धातूची पत्री असेल तर बिनतारी चार्जिंग अडते आणि पत्री तापते, ही अडचण कडीच्या रचनेत टळते, कारण कडीचा मधला भाग मोकळा राहतो. मात्र हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी अशा चुंबकाचे फोन आणि साधने 15 सेंटिमीटरपेक्षा अधिक, तर बिनतारी चार्जिंग चालू असताना 30 सेंटिमीटरपेक्षा अधिक दूर ठेवावीत, अशी सूचना खुद्द ॲपलने दिलेली आहे. शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवण्याची सवय असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कव्हर घेताना ही गोष्ट विसरू नये.

वेष्टनावरच्या दोन दाव्यांबद्दलही सांगितले पाहिजे. ‘मिलिटरी ग्रेड’ हा शिक्का अमेरिकी सैन्याच्या 810 क्रमांकाच्या मानकावरून येतो. त्यातल्या एका चाचणीत वस्तू 122 सेंटिमीटरवरून 26 वेळा प्लायवूडवर टाकतात आणि हे 26 आघात पाच नगांत वाटून घेण्याची मुभा असते. ही चाचणी कव्हर बनवणारी कंपनी स्वतः करते किंवा करवून घेते, सैन्य कुणाला प्रमाणपत्र देत नाही, आणि उघडलेल्या टेकूचे काय होते हे त्यातून कळत नाही. दुसरा शब्द ‘हँड्सफ्री’. वाहन चालवताना हातातले संपर्क साधन वापरणे हा मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दंडनीय गुन्हा आहे आणि ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांनी केवळ मार्ग पाहण्यापुरती, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही या अटीवर, सवलत दिली आहे. टेबलासाठी केलेला टेकू डॅशबोर्डवर उघडून ठेवला तर पहिल्याच ब्रेकला फोन पायाशी येतो, म्हणून गाडीत घट्ट धरणारा वेगळा होल्डरच हवा.

हात मोकळे असण्याची गरज सर्वांत निकडीची आहे ती सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींना. त्यांच्यासाठी हात हीच वाणी आहे. एका हातात फोन धरून केलेला व्हिडिओ कॉल म्हणजे त्यांच्यासाठी अर्धे तोंड बंद करून बोलण्यासारखे आहे, आणि 1964 च्या त्या टेबलावरच्या पिक्चरफोनपुढे बसलेल्या माणसाला जे आपोआप मिळत होते ते आज त्यांना कव्हरातून मिळवावे लागते. त्यांना फोन उभा हवा, चेहरा, छाती आणि दोन्ही हात चौकटीत मावतील एवढ्या अंतरावर तो ठेवता यायला हवा, आणि हातवारे करताना टेबल हलले तरी तो जागचा ढळता कामा नये. रुंद पायाची, हव्या त्या कोनात थांबणारी आणि उभ्या फोनला पेलणारी पट्टी या तिन्ही अटी पुऱ्या करू शकते. कॅमेऱ्याभोवती उघडणारी चौकट, जी नोकियाच्या एन96 ची आठवण करून देते, ती दिसायला सुबक असली तरी वरच्या कोपऱ्यात एका बाजूला असल्याने उभा फोन त्या बाजूवर डुलतो, आणि म्हणून या कामासाठी ती घेऊ नये.