पुढ्यात चारा, तरी जिराफ उपाशी

प्राणीसंग्रहालयातल्या जिराफापुढे वाळलेल्या लसूणघासाची पेंढी टांगली, की तो पानं तेवढी ओरबाडून खातो. काड्या जवळपास तशाच राहतात. ही खोड नाही, त्याचं पोटच तसं आहे.

जिराफही गाईसारखा रवंथ करणारा, चार कप्प्यांच्या पोटाचा. पण गाय गवतावर जगते, तर जिराफ झाडपाल्यावर. गवताच्या लांब धाग्यांचा कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, तरंगता थर साचतो. तो तिथे बराच वेळ राहतो, पुन्हा तोंडात येतो, चावला जातो. पाल्याचे मात्र आखूड तुकडे पडतात, त्यांचा असा थर जमत नाही आणि ते लवकर पुढे सरकतात. पाला खाणाऱ्या प्राण्याची पचनसंस्था या वेगाला सरावलेली असते. म्हणून गोदामभर सुका चारा असला तरी जिराफ तो पोटभर खाईलच असं नाही.

मग ही तूट भरून काढायला धान्य आणि खुराकाच्या गोळ्या वाढवल्या जातात. खरी गडबड इथे सुरू होते. पोळ्याच्या दिवशी बैलाला कौतुकाने पुरणपोळ्या भरवल्या आणि संध्याकाळी डॉक्टरांना बोलवावं लागलं, हे आपल्या गावांना नवं नाही. पिठूळ पदार्थ कोठीपोटात झपाट्याने आंबतात, लॅक्टिक आम्ल साचतं, चारा पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि जनावर आडवं होतं. जिराफाच्या पोटातही हेच होऊ शकतं, फक्त तिथे ते बरेचदा हळूहळू, महिनोन्‌महिने चालतं.

त्याची एक खूण बाहेरूनही दिसते. जिराफ तासन्‌तास कुंपण, गज, भिंती चाटत राहतो. उत्तर अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयांमधल्या जिराफ आणि ओकापींची (जिराफाचा आखूड मानेचा भाऊबंद) एक पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली. त्यात 70 टक्क्यांहून जास्त प्राणी अशा अखाद्य वस्तू चाटताना आढळले. सुमारे 45 सेंटीमीटर लांबीची ही जीभ काटेरी फांद्यांमधून एकेक पान काढण्यासाठी घडलेली. तिला दिवसभर काम हवं असतं, आणि खुराकाची बादली काही मिनिटांत संपते. थंड देशांत तर पुढ्यात चारा असतानाही जिराफ अचानक दगावले आहेत. शवविच्छेदनात हृदय आणि मूत्रपिंडांभोवतीची चरबी विरघळून तिचा पाणचट गर झालेला दिसला. पोटात जाणारी ऊर्जा थंडीला पुरत नव्हती.

पाला नुसता पोषक असतो म्हणून महत्त्वाचा, असंही नाही. आफ्रिकेतला काळा गेंडा बघा. पिंजऱ्यात वाढलेल्या काळ्या गेंड्यांच्या यकृतात लोह साचत जातं. गवत चरणाऱ्या पांढऱ्या गेंड्याला हा त्रास सहसा होत नाही. जंगलातल्या पाल्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोहाला बांधून ठेवतं, त्यामुळे काळ्या गेंड्याच्या शरीराला मिळेल तेवढं लोह शोषून घ्यायची सवय लागली असावी, असं अनेक संशोधक मानतात. तयार खुराकात लोह भरपूर आणि टॅनिन जवळजवळ नाही. आपण ज्याला सकस म्हणतो तेच इथे नडतं.

हत्तीचा प्रश्न उलटा. तो रवंथ करत नाही, खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त न पचताच बाहेर पडतं आणि जंगलात दिवसाचे 16 ते 18 तास खाण्यातच जातात. बंदिवासात चालणं कमी आणि केळी, गूळ, भात सहज मिळतात, म्हणून तो लठ्ठ होतो आणि त्या वजनाने पाय व सांधे बिघडतात. प्रेक्षकांनी टाकलेली बिस्किटं तर कोणत्याच शाकाहारी प्राण्याला नकोत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं हा गुन्हाच आहे, आणि तो तसाच असायला हवा.

युरोपात हिवाळ्यात झाडं निष्पर्ण होतात, म्हणून तिथली काही प्राणीसंग्रहालयं उन्हाळ्यातच पाला गोठवून ठेवतात किंवा त्याचा मुरघास करतात, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवतात. आपल्याकडे वड, उंबर, बाभूळ, शेवरी वर्षातला बराचसा काळ हिरवी असतात. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणीसंग्रहालय महापालिकाच चालवतात, आणि पावसाळ्याआधी रस्त्यांवरच्या झाडांच्या फांद्याही महापालिकाच छाटतात. त्यातल्या निवडक फांद्या तिथल्या सांबरासारख्या पाला खाणाऱ्या प्राण्यांपर्यंत पोचायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. मात्र निवड जाणकारानेच करावी. कण्हेरीची थोडी पानंही जीव घेऊ शकतात. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते पचवणारे जिवाणू ज्यांच्या कोठीपोटात नाहीत, त्या जनावरांचे केस गळतात. फवारणी झालेली झाडंही वगळावी लागतील. बाकीच्या फांद्या सालीसकट, उंचावर टांगून द्याव्यात, म्हणजे खाण्यात प्राण्याचा दिवसही जाईल.