टस्कीगी

टस्कीगी : अमेरिकेच्या दक्षिण भागातील ॲलाबॅमा राज्यातले छोटे शहर व मेकन काउंटीचे मुख्य ठाणे. लोकसंख्या ९,३९५ (२०२०). राजधानी माँटगोमेरीपासून पूर्वेला सुमारे ६५ किमी. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे (१९८१) मराठी वाचकांना हे नाव चांगलेच परिचित आहे. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा, शेतीसुधारणेचा आणि हक्कांच्या लढ्याचा मोठा इतिहास या एवढ्याशा गावात एकवटलेला आहे आणि त्यातला बराचसा फुकट पाहता येतो. येथील दोन्ही राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांना प्रवेशशुल्क नाही. खर्च होतो तो गाडीचा. तिच्यावाचून इथे फिरणे अवघड.

पहिले स्थळ म्हणजे टस्कीगी संस्थेचा परिसर, म्हणजेच आजचे टस्कीगी विद्यापीठ. संस्थेचा जन्म मतांच्या सौद्यातून झाला. लुईस ॲडम्स या पूर्वी गुलाम असलेल्या पत्रेकारागिराने १८८० च्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मते मिळवून देण्याच्या बदल्यात शाळा मागून घेतली. राज्याने पगारांपुरते वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. जागा, इमारत काहीच नव्हते. ४ जुलै १८८१ रोजी संस्थेचे पहिले प्रमुख, कृष्णवर्णीय शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग सुरू केला. पुढे इमारतींसाठी विद्यार्थ्यांनीच विटा पाडाव्यात असे ठरले. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपले घड्याळ १५ डॉलरवर गहाण टाकले. चौथी भट्टी साधली; घड्याळ मात्र सुटले नाही. विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांच्या इमारती आजही वापरात आहेत. वॉशिंग्टन यांचे ‘द ओक्स’ हे निवासस्थान (१८९९) त्यांपैकीच. त्याचे वास्तुविशारद रॉबर्ट टेलर हे एमआयटीचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. जुने प्रार्थनामंदिर १९५७ मध्ये जळाले. त्याच्या जागी १९६९ मध्ये पूर्ण झालेली पॉल रुडॉल्फ यांच्या आराखड्याची वास्तू आवर्जून पाहावी; तिच्या रंगीत काचांवर गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीते चितारली आहेत.

कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये येथे आले ते कायमचेच. त्यांच्या नावाचे संग्रहालय एके काळच्या धुलाईघरात आहे. भुईमूग व रताळ्यापासून केलेल्या पदार्थांचे नमुने, प्रयोगशाळेतले सामान आणि त्यांनी स्वतः केलेले विणकाम तेथे पाहायला मिळते. १९४७ च्या आगीत त्यांची बहुतेक चित्रे गेली, ही हानी भरून येण्यासारखी नाही. ‘जेसप वॅगन’ची माहिती मात्र चुकवू नये. कापसाने कस गेलेल्या जमिनीवर राबणारा शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हता, म्हणून १९०६ मध्ये शाळाच घोडागाडीत घालून त्याच्या बांधावर नेण्यात आली. वॉशिंग्टन (मृत्यू १९१५) व कार्व्हर (मृत्यू १९४३) या दोघांच्या समाध्या याच आवारात जवळजवळ आहेत.

दुसरे स्थळ गावाबाहेरचे मोटन फील्ड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सेनेने कृष्णवर्णीय वैमानिकांना प्राथमिक उड्डाणशिक्षण दिले ते या धावपट्टीवर. तोवर ‘यांना विमान चालवणे जमणार नाही’ हे लष्करात गृहीतच होते. मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीत येऊन चार्ल्स अँडरसन या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाच्या विमानात बसल्या. त्या उड्डाणाचे छायाचित्र गाजले. मोटन फील्डसाठी रोझेनवाल्ड निधी या धर्मादाय संस्थेने १,७५,००० डॉलर कर्जाऊ दिले. पहिल्या तुकडीतले पाच जण मार्च १९४२ मध्ये वैमानिक झाले आणि पुढे ही संख्या हजाराच्या घरात गेली. २००८ मध्ये खुल्या झालेल्या पहिल्या हँगरमध्ये (विमाने ठेवण्याच्या छपरात) त्या काळची शिकाऊ विमाने पाहता येतात. दुसरा हँगर १९८९ मध्ये जळाल्यावर नव्याने उभारला. या वैमानिकांची ओळख बनलेले लाल शेपटीचे मस्टँग लढाऊ विमान त्यात आहे.

गावचौकाकडे पर्यटक सहसा दुर्लक्ष करतात, ते बरोबर नाही. अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी फौजेच्या सैनिकाचा पुतळा तेथे १९०६ मध्ये उभारला गेला. जानेवारी १९६६ मध्ये सॅम्युएल यंग या विद्यार्थ्याचा पेट्रोल पंपावरील ‘फक्त गोऱ्यांच्या’ स्वच्छतागृहावरून झालेल्या वादात खून झाला. आरोपी निर्दोष सुटल्यावर विद्यार्थ्यांनी या पुतळ्याचे तोंड काळे केले. शहराच्या हद्दीचीही कथा आहे. १९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने चौकोनी हद्द कापून २८ बाजूंची वेडीवाकडी आकृती केली. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर पडले, गोरा मात्र एकही नाही. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांच्या बाजूने कौल दिला. हा खटला लढवणारे वकील फ्रेड ग्रे यांनीच पुढे सिफिलिस प्रयोगाच्या बळींचा खटला चालवला. त्या प्रयोगात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य सेवेने परिसरातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना फसवून निरीक्षणाखाली ठेवले. त्यांतील ३९९ रोग्यांना उपचार दिले नाहीत. ग्रे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गावातील इतिहास केंद्रात हे दोन्ही विषय मांडलेले आहेत.

गावाच्या ईशान्येला टस्कीगी राष्ट्रीय वन आहे. सुमारे ४,५०० हेक्टरांचे हे वन अमेरिकेतील सर्वांत लहान राष्ट्रीय वन मानतात. जमीन मूळची कापसाची. पिकून पिकून निकस झालेली आणि धुपलेली. १९३० च्या दशकात केंद्र सरकारने ती विकत घेऊन झाडे लावली व १९५९ मध्ये तिला राष्ट्रीय वनाचा दर्जा दिला. निसर्गअभ्यासक विल्यम बार्ट्राम यांच्या नावाची सुमारे १३ किमीची पायवाट यातून जाते. उन्हाळ्यात उकाडा आणि डास फार, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सोयीचा.